पाळी गेल्यानंतर रक्त, पू किंवा वासाचं पाणी जात असेल तर: कोल्हापूर जिल्ह्यातल्या बायकांसाठी तपासणीची वाट

शेवटची पाळी येऊन सलग १२ महिने उलटले की पाळी कायमची गेली असं धरतात. आपल्याकडे बहुतेकींच्या बाबतीत हे ४५ ते ५० या वयात घडतं. त्यानंतर अंगावरून रक्ताचा एक डाग पडला, तपकिरी पाणी गेलं किंवा घाण वासाचा स्राव सुरू झाला, तर ‘उष्णता झालीय’ म्हणून सोडून देऊ नका. सब्जा आणि धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या, पण त्यानं या स्रावाचं कारण जात नाही. ते शोधावंच लागतं. गोळ्या घेण्याआधी कारण विचारायचं, आणि पिशवी म्हणजे गर्भाशय काढण्याआधी तर विचारायचंच. पुढचं सगळं लिहिलंय ते यासाठी.

हा लेख ज्या बाईला त्रास होतोय तिच्यासाठी आहे, तितकाच तिच्या मुलीसाठी आणि सुनेसाठी. कारण साठीतली बाई हे स्वतःहून क्वचितच सांगते. पुन्हा विटाळ सुरू झाला तर देवघरात जाता येणार नाही, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला जाता येणार नाही, ही धास्ती असते. घरातल्या माणसांना सांगायची लाज असते. ‘या वयात कुणाला दाखवायचं’ असं म्हणत सहा महिने सहज निघून जातात.

शरीरात काय बदलतं

पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरक खूप कमी होतं. त्यामुळे योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं. पाळीच्या वयात योनीत आम्लता असते, पीएच साधारण ३.५ ते ४.५. लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू ती टिकवतात. पाळी गेल्यावर हे जंतू घटतात, पीएच ५ च्या वर जातो आणि शौचाच्या जागेकडचे जंतू तिथे सहज वाढतात. आग, खाज, लघवीला सारखं लागणं, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीचा संसर्ग पुन्हापुन्हा होणं, या सगळ्याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

दुसरा बदल गर्भाशयाच्या तोंडाशी होतो. ते आकसतं, वाट अरुंद होते, कधी पूर्ण मिटते. आतला स्राव आतच साचतो, त्यात जंतू वाढले की पू होतो. याला पायोमेट्रा म्हणतात. वाट मिटण्यामागे नुसतं वय असू शकतं, जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण असू शकतो, कॅन्सरसाठी पूर्वी दिलेलं रेडिएशन असू शकतं, आणि गर्भाशयाच्या तोंडाचा किंवा अस्तराचा कॅन्सरही असू शकतो. या वयात पिशवीत संसर्ग सापडला की त्याच्यामागे काय आहे हे बघावं लागतं, ते यामुळे. नुसत्या अँटिबायोटिकवर घरी पाठवलं तर काम अर्धवट राहतं.

पायोमेट्रा फसवाही असतो. कितीतरी बायकांना त्याचा काहीच त्रास जाणवत नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी होते आणि गर्भाशयात पाणी साचलेलं दिसतं. वयस्कर आणि मधुमेही बाईला संसर्ग असूनही ताप येईलच असं नाही.

आता कॅन्सरची भीती. पाळी गेल्यावर रक्तस्राव झालेल्या १०० बायकांमध्ये साधारण ९ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर सापडतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित आकड्यांतून दिसतं. उरलेल्या बहुसंख्य बायकांत कोरडं पडलेलं अस्तर, पॉलिप म्हणजे छोटा मऊ कोंब, संसर्ग अशी कारणं निघतात. दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: ज्यांना हा कॅन्सर होतो त्यांच्यातल्या सुमारे ९० टक्के बायकांना पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव झालेला असतो. म्हणजे रोग बहुधा लवकर खूण देतो. त्या खुणेवर लगेच गेलं तर तो बऱ्याचदा गर्भाशयापुरताच असताना सापडतो आणि बरा होतो.

पायरी १: काय जातंय ते नीट बघा

वयस्कर बायका पॅड वापरत नाहीत, लुगड्याला किंवा परकराला डाग पडला तर धुऊन टाकतात. त्याऐवजी पांढऱ्या सुती कापडाची स्वच्छ घडी दिवसभर लावा आणि संध्याकाळी बघा. डाग लाल, तपकिरी की पिवळट-हिरवा? वास आहे का? लघवी केल्यावर आणि शौचानंतर वेगवेगळ्या कापडानं टिपून बघा, कारण लघवीतून जाणारं रक्त आणि मूळव्याधीचं रक्त यांची या रक्ताशी कायम गल्लत होते. लघवीतून रक्त जात असेल तरी डॉक्टरकडे जायचंच आहे, फक्त तपासण्या वेगळ्या होतील.

एका कागदावर लिहा: शेवटची पाळी अंदाजे कोणत्या वर्षी गेली, स्राव कधीपासून आहे, ओटीपोटात दुखतं का, वजन उतरलंय का, पोट फुगल्यासारखं वाटतं का. सध्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरा. यातल्या तीन प्रकारच्या गोळ्या डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. पहिली, स्तनाच्या कॅन्सरनंतर देतात ती टॅमॉक्सिफेन. तिनं गर्भाशयाचं अस्तर वाढू शकतं. दुसरी, रक्त पातळ करणारी. ती चालू आहे म्हणूनच रक्त जातंय असं परस्पर ठरवू नका, तपासणी तरीही लागते. तिसरी, मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. या गोळ्यांनी लघवीतून साखर बाहेर पडते आणि योनीमार्गात बुरशी वाढून भयंकर खाज सुटते. अशी खाज वर्षभर सोसणाऱ्या बाईचा त्रास कधीकधी एक गोळी बदलल्यानं थांबतो. मात्र गोळी स्वतःच बंद करू नका.

आणि कॉपर टी. दुसऱ्या बाळंतपणानंतर बसवलेली तांबी काढायची राहून गेली, असं पुष्कळ घरांत असतं. बाईला आठवतही नाही. पाळी गेल्यावर वर्षभरानं ती काढून टाकायची असते. आत राहिलेली जुनी तांबी संसर्गाचं कारण होऊ शकते. म्हणून ‘आई, तुला तांबी बसवली होती का, आणि काढली का?’ हे विचाराच. अंग बाहेर येतं म्हणून रबरी रिंग बसवली असेल, तर ती शेवटची कधी काढून धुतली तेही विचारा.

पायरी २: घाई किती करायची

थंडी वाजून ताप, ओटीपोटात जोरात दुखणं आणि घाण वासाचा स्राव असं एकत्र असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दुखणं अचानक सगळ्या पोटात पसरलं, पोट कडक झालं, बाई गळून गेली, तर पूनं भरलेली पिशवी फुटल्याची शक्यता असते. असं क्वचित होतं, पण ते जिवावरचं असतं आणि तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागते. १०८ ला फोन करा. एका तासात दोन-तीन कापडं भिजतील इतकं रक्त जात असेल तरीही हेच.

रक्ताचा डाग, गुलाबी-तपकिरी पाणी किंवा वासाचा स्राव असेल, पण बाई हिंडती-फिरती असेल, तर आठवडाभरात स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. डाग एकदाच पडून थांबला तरी जा. ऊसतोडीचा हंगाम, घरातलं लग्न, जोतिबाची यात्रा यातल्या कशासाठीही ते पुढे ढकलू नका.

नुसता कोरडेपणा, आग, हलकी खाज असेल तर थोडा वेळ घेतला तरी चालेल.

पायरी ३: तोपर्यंत घरी काय टाळायचं

डेटॉल, सॅव्हलॉन, तुरटीचं पाणी, मिठाचं कडक पाणी, सुगंधी वॉश यांतलं काहीही योनीच्या आत नको. आधीच पातळ झालेलं अस्तर त्यानं भाजतं. बाहेरून साधं पाणी पुरे. मेडिकलमधून ‘पांढऱ्या पाण्याचं किट’ आणून घेऊ नका. ते वेगळ्या वयाच्या, वेगळ्या संसर्गांसाठी असतं, आणि त्यानं चार दिवस बरं वाटून तपासणी मात्र लांबते. गजकर्णासाठी मिळणारी मिश्र मलमं तर अजिबात लावू नका. त्यांत स्टेरॉइड असतं, ते मनानं लावत राहिलं की बुरशी चिवट होते.

लघवीला आग होत असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीची कल्चर तपासणी द्या. गोळ्या घेतल्यावर दिलेल्या नमुन्यात जंतू सापडत नाहीत, आणि पुढच्या वेळी कुठलं औषध लागू पडेल ते कळत नाही.

पायरी ४: कुठे जायचं

गावातल्या आशाताईंपासून सुरुवात केली तर बाईची भीड लवकर चेपते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन बघून होतं आणि चिठ्ठी मिळते. पण रक्त किंवा पू जात असेल तर तिथे औषध घेऊन थांबू नका. स्त्रीरोगतज्ज्ञ, सोनोग्राफी आणि तुकडा तपासणी ज्या ठिकाणी आहे तिथे जायचंय. आजरा, चंदगडकडच्यांना गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय जवळ पडतं, हातकणंगले-शिरोळकडच्यांना इचलकरंजीचं आयजीएम रुग्णालय. पुढची सोय सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात आहे. ते राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. शहरातल्यांना महापालिकेचं सावित्रीबाई फुले रुग्णालयही आहे.

बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो. सकाळची धार काढून पहिली एसटी पकडली तर तपासणी आटोपून संध्याकाळच्या धारेला घरी पोचता येतं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना मोफत. आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पिशवी बरोबर न्या. शस्त्रक्रिया किंवा कॅन्सरचा उपचार लागला तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. पैसे भरून झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

बरोबर घरातली एक बाई असू द्या. मुलगा घेऊन आला असेल तर तपासणीच्या वेळी तो बाहेर थांबेल, हे त्याला आधीच सांगा. आई मुलासमोर अंगावरून काय जातं ते बोलणार नाही. डॉक्टरांना आपल्या शब्दांत सांगितलं तरी चालतं. ‘पाळी जाऊन दहा वर्षं झाली, आणि परवापासून लाल जातंय’ या एका वाक्यानं डॉक्टर सावध होतात. ‘अशक्तपणा आहे, कंबर दुखते’ एवढंच सांगितलं तर कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन परत याल.

पायरी ५: तपासणीत काय होतं

आधी साखर, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, लघवी. मग डॉक्टर टेबलावर झोपवून यंत्रानं योनीमार्ग आणि गर्भाशयाचं तोंड बघतात. कोरडेपणामुळे हे दुखू शकतं. ‘हळू करा, लहान यंत्र घ्या’ असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तपासताना खोलीत बाई सोबतीला हवी हेही सांगा. ही तपासणी न करता फक्त सोनोग्राफी लिहून दिली, तर ‘आतून बघणार नाही का?’ असं विचारा. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर डोळ्यांना दिसू शकतो, सोनोग्राफीत मात्र निसटू शकतो.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी ३० ते ६५ वयात सरकारी कार्यक्रमात व्हिनेगरसारखं द्रावण लावून तपासतात. पाळी गेल्यानंतर तोंडाचा जो भाग बघायचा असतो तो आत सरकतो, म्हणून ही तपासणी कमी भरवशाची होते. या वयात पॅप (तोंडाच्या पेशींची तपासणी) किंवा एचपीव्ही (या कॅन्सरमागच्या विषाणूची तपासणी) होत असेल तर ती करून घ्या.

सोनोग्राफी शक्यतो योनीमार्गातून करतात, त्यात अस्तराची जाडी नीट मोजता येते. जिचं लग्न झालेलं नाही किंवा जिला फार दुखतं तिची पोटावरून करता येते. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी शोधा. एक, अस्तराची जाडी: रक्तस्राव झालेल्या बाईत ती ४ मि.मी. किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता फारच कमी, त्याहून जास्त असेल तर तुकडा तपासायलाच हवा. दोन, गर्भाशयाच्या पोकळीत पाणी किंवा दाट स्राव साचलाय का. जाडी कमी असूनही रक्त पुन्हापुन्हा जात असेल, तरी तुकडा काढतात.

तुकडा काढणं म्हणजे बायोप्सी. बारीक नळीनं अस्तराचा नमुना बाह्यरुग्ण विभागातच घेता येतो. पाच-दहा मिनिटं पाळीत दुखतं तसं दुखतं. तोंड मिटलेलं असेल तर भूल देऊन ते उघडावं लागतं. हिस्टेरोस्कोपीत दुर्बिणीनं आत बघून नेमक्या जागेचा तुकडा घेतात, त्यामुळे छोटा पॉलिप सुटत नाही. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ असं गावोगाव म्हणतात. यात तथ्य नाही, आणि या समजापायी झालेला उशीर फार महाग पडतो.

क्षयाचाही विचार करा. गर्भाशयाचा क्षय जास्त करून तरुण वयात सापडतो, पण उतारवयातही होतो आणि पू साठण्याचं कारण ठरू शकतो. घरात कुणाला टीबी होता का ते डॉक्टरांना सांगा, म्हणजे तुकड्याचा एक भाग त्या तपासणीलाही जाईल. औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

पायरी ६: कारण कळल्यावर

पू साठला असेल तर तोंड उघडून तो काढतात, पुन्हा साठू नये म्हणून कधी काही दिवस नळी ठेवतात, अँटिबायोटिक देतात आणि अस्तराचा व तोंडाचा तुकडा पाठवतात. शेवटची गोष्ट झाली का, हे घरच्यांनी विचारायचंच. काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी लागते, कारण वाट परत मिटून पू परत साठू शकतो.

कोरडेपणाच कारण निघालं तर इस्ट्रोजेनचं, बहुधा इस्ट्रिऑलचं क्रीम देतात: पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. ते आत, नळीनं लावायचं असतं. बऱ्याच बायका बाहेर चोपडतात आणि गुण नाही म्हणून आठ दिवसांत सोडून देतात. फरक पडायला काही आठवडे लागतात, आणि थांबवलं की त्रास बहुधा परत येतो. लघवीचे वारंवार होणारे संसर्गही यानं कमी होतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारा. रक्तस्रावाचं कारण शोधण्याआधी हे क्रीम सुरू करू नये.

बाहेरच्या त्वचेवर पांढरे चट्टे पडून रात्री झोप उडेल इतकी खाज येत असेल, तर लायकेन स्क्लेरोसस हा वेगळा आजार असू शकतो. त्याला तीव्र स्टेरॉइड मलम लागतं, पण ते निदान झाल्यावर आणि डॉक्टरांच्या देखरेखीत. थोड्या बायकांत पुढे तिथे कॅन्सर होतो, म्हणून दर वर्षी दाखवत राहायचं.

अंग बाहेर येत असेल तर घासून जखम होते, त्यातून रक्त जातं. आयुष्यभर वैरणीचे भारे वाहिलेल्या, भांगलणीला वाकलेल्या बायकांत हे फार दिसतं. रिंग किंवा शस्त्रक्रिया, दोन्ही पर्याय आहेत. पण जखम दिसली म्हणून आतली तपासणी सोडायची नाही.

पायरी ७: ‘पिशवी काढून टाकू’ असं म्हटलं तर

कॅन्सर असेल, बायोप्सीत अस्तरातल्या पेशी बिघडलेल्या दिसल्या असतील, पिशवी फुटली असेल, तर ती काढणं योग्यच. पण नुसतं पांढरं जातं किंवा ‘पिशवीच्या तोंडाला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ एवढ्यावर पिशवी काढायला होकार देऊ नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्याचं समोर आलं आणि २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मराठवाड्यातल्या ऊसतोड बायका दर हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या फडांवरही येतात. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक पिशवी काढण्याविरुद्धच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला.

तेव्हा विचारा: बायोप्सीचा रिपोर्ट काय आहे? न काढता दुसरा कोणता उपचार आहे? थांबलं तर काय होईल? अंडाशयंही काढणार का, आणि का? उत्तरं लिहून घ्या आणि तातडी नसेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्या. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

पिशवी काढलेली असेल आणि नंतर रक्त किंवा वासाचं पाणी गेलं, तरीही दाखवायचंच. योनीच्या वरच्या टोकाला व्रण किंवा गाठ होऊ शकते.

पायरी ८: नंतर

बायोप्सीच्या रिपोर्टला साधारण आठवडा लागतो. तो आणायला कोण जाणार हे तुकडा दिला त्याच दिवशी घरात ठरवा, आणि रिपोर्ट वाचून न थांबता तो डॉक्टरांना दाखवा. ‘नमुना अपुरा’ असा शेरा असेल तर त्याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होत नाही. तुकडा परत द्यावा लागेल का ते विचारा. साखर आटोक्यात ठेवा, नाहीतर संसर्ग उलटतो. वजन जास्त असेल तर ते उतरवणंही उपचारातच मोडतं, कारण चरबीतून तयार होणारं इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहतं.

सगळ्या रिपोर्टची एक फाईल करा, सोनोग्राफीच्या फिल्मसकट. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी पुन्हा डाग पडला, तर मागचा रिपोर्ट चांगला होता म्हणून घरी बसू नका. फाईल घेऊन जा, पुन्हा तपासायला सांगा, आणि मागच्या वेळी नळीनं तुकडा घेतला असेल तर या वेळी हिस्टेरोस्कोपी करता येईल का ते विचारा.